मोटारसायकल नव्हे, बोगदा

'द ग्रेट एस्केप'चं नाव काढलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं: हिरवं कुरण, काटेरी तारेचं कुंपण आणि त्यावरून झेपावणारी मोटारसायकल. जॉन स्टर्जेसचा हा चित्रपट १९६३ साली पडद्यावर आला. साठ वर्षं उलटली, तरी पोस्टरांवर तीच उडी आहे, गप्पांमध्ये तीच उडी आहे आणि चित्रपटाला नावं ठेवणाऱ्यांच्या तोंडीही तीच उडी आहे. चाहते म्हणतात, काय झेप! टीकाकार म्हणतात, असं काही घडलंच नव्हतं. माझं भांडण दोघांशीही आहे. हा चित्रपट त्या उडीमुळे टिकला हे मला मान्य नाही, आणि त्या उडीमुळे तो खोटा ठरतो हेही मान्य नाही.

आधी चाहत्यांचं पाहू. चित्रपट १७२ मिनिटांचा. त्यातला निम्म्याहून अधिक वेळ आपण कुंपणाच्या आतच असतो. उडी काही सेकंदांची. ती स्टीव्ह मॅक्वीनने मारलेलीही नाही. मारली त्याचा मित्र बड एकिन्स याने. वाहन जर्मन सैन्याचं म्हणून दाखवलं असलं तरी ती रंग बदललेली ब्रिटिश ट्रायम्फ आहे. आणि एवढं करून पलीकडे पोचतो कोण? कोणीच नाही. पहिलं कुंपण पार होतं, दुसऱ्याच्या तारांत हिल्ट्स गुरफटतो, सापडतो आणि पुन्हा त्याच कोठडीत जाऊन भिंतीवर चेंडू आपटत बसतो. लोक ज्या दृश्याला स्वातंत्र्याची खूण म्हणून भिंतीवर लावतात, ते पकडलं जाण्याच्या क्षणभर आधीचं दृश्य आहे.

आता इतिहासाची फूटपट्टी घेऊन बसलेल्यांकडे वळू. कथेचा आधार पॉल ब्रिकहिलचं १९५० सालचं पुस्तक. ब्रिकहिल स्वतः त्या छावणीत युद्धकैदी होता. छावणी स्टालाग लुफ्ट ३. गाव तेव्हाच्या जर्मनीतलं सागान, आजच्या पोलंडमधलं झागान. २४ मार्च १९४४च्या रात्री 'हॅरी' नावाच्या बोगद्यातून ७६ जण निसटले. ७३ पुन्हा सापडले. हिटलरच्या हुकमावरून त्यांतल्या ५० जणांना गोळ्या घातल्या गेल्या. तिघं सुटले. इथवर चित्रपट इतिहासाचं बोट धरून चालतो. मग चुकांची यादी सुरू होते. अमेरिकन कैद्यांनी सुरुवातीच्या कामाला हातभार लावला होता, पण पलायनाच्या काही महिने आधीच त्यांची वेगळ्या आवारात रवानगी झाली. पडद्यावर मात्र मॅक्वीन आणि जेम्स गार्नर शेवटपर्यंत आहेत. मोटारसायकल नव्हती, पळवलेलं विमान नव्हतं. जमिनीवर बर्फ होतं, चित्रपटात बव्हेरियाचा उन्हाळा आहे. त्या पन्नास जणांना एका माळावर एकत्र उभं करून मारलं नाही; गेस्टापोने त्यांना लहान लहान गटांनी, वेगवेगळ्या ठिकाणी मारलं.

यादी खरी आहे. माझी तक्रार एवढीच की ती फार स्वस्तातली आहे. अनुवादाची परीक्षा करायला बसलेले काही जण मूळ पुस्तक आणि अनुवाद शेजारी शेजारी ठेवून गळलेली विशेषणं मोजतात. विशेषण सापडलं की त्यांना कृतकृत्य वाटतं. निवेदकाचा आवाजच बदलून गेलाय, हे मात्र त्यांच्या कानावर येत नाही. मोटारसायकल ही भर आहे, आणि ती इतकी उघड आहे की तिने कोणी फसत नाही. गळती दुसरीकडे झाली आहे. तिकडे मी येणारच आहे.

त्याआधी तिसरा पक्ष. तुलनात्मक साहित्याच्या वर्गात मी दोन वर्षं काढली, त्यामुळे हा पक्ष मला जवळून माहीत आहे. त्याचं म्हणणं असं, की कैदेतून सुटण्याची गोष्ट पाहायचीच असेल तर झाँ रन्वारचा 'ला ग्रांद इल्युझिआँ' (१९३७) पाहावा, नाहीतर रॉबेर ब्रेसाँचा 'अ मॅन एस्केप्ड' (१९५६). स्टर्जेसचं म्हणजे शिट्टीवर म्हणायची धून आणि सुट्टीच्या दिवसाची करमणूक. ते दोन्ही चित्रपट थोर आहेत, याबद्दल वाद नाही. पण त्यांची काठी करून तिसऱ्याला बडवायचं असेल तर निदान ते नीट पाहिलेले असावेत. ब्रेसाँचा कैदी चमच्याला धार काढून दाराच्या फळ्या सोडवतो, गादीच्या तारा आणि कापड पिळून दोर वळतो. आपण श्वास रोखून पाहतो ते कशामुळे? कामामुळे. हात काय करताहेत, हत्यार कशाचं झालं, आवाज किती होतोय, यामुळे. स्टर्जेसचा चित्रपट नेमक्या याच गोष्टीवर उभा आहे. ब्रेसाँ एका माणसाच्या दोन हातांचं पाहतो, स्टर्जेस शेकडो हातांचं. एकाला तपश्चर्या म्हणायचं आणि दुसऱ्याला पोरखेळ, हा न्याय मला कळत नाही.

कारण शेवटी या चित्रपटात मनात राहतं ते काम. एकाच वेळी तीन बोगदे: टॉम, डिक आणि हॅरी. टॉम सापडला तर हॅरी. खऱ्या हॅरीची लांबी शंभर मीटरच्या आसपास, खोली साडेआठ मीटर. माती भुसभुशीत, वाळूची. म्हणून आतून फळ्यांचा आधार हवा. फळ्या आल्या खाटांच्या, सुमारे ४,०००. हवा खाली न्यायला नळ हवा. तो 'क्लिम' नावाच्या दूधपावडरीचे रिकामे डबे एकाला एक जोडून झाला. वर आलेली वाळू वेगळ्या रंगाची, ती उघड्यावर टाकली तर पहारेकऱ्याला दिसणार. मग पँटच्या आत लांबट पिशव्या, दोरी ओढली की वाळू पायाशी सांडते आणि चालता चालता पायाने मिसळून टाकायची. गणवेश आणि घोंगड्या कापून साध्या नागरिकांचे कपडे शिवायचे. पास, परवाने, शिक्के हाताने बनवायचे. कोणी शिंपी, कोणी सुतार, कोणी नुसता खिडकीपाशी उभा राहून पहारेकऱ्यांची ये-जा मोजणारा.

हे इतकं खरं वाटतं याचं कारण ते करणाऱ्यांना कैद ठाऊक होती. बनावट कागदपत्रं करणाऱ्या कॉलिनची भूमिका केलेला डोनल्ड प्लेझन्स ब्रिटिश हवाई दलात होता, त्याचं विमान पाडलं गेलं होतं आणि तो जर्मन छावणीत युद्धकैदी होता. बोगदा खणणाऱ्या डॅनीच्या भूमिकेतल्या चार्ल्स ब्रॉन्सनने तरुणपणी पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणीत काम केलेलं. पटकथाकारांपैकी जेम्स क्लॅव्हेल सिंगापूरच्या चांगी इथे जपान्यांच्या कैदेत होता. आणि तांत्रिक सल्लागार म्हणून सोबतीला वॉली फ्लूडी, खऱ्या बोगद्यांचा कॅनेडियन जाणकार.

या फ्लूडीचीच गोष्ट पाहा. ज्याने बोगद्याचा घाट घातला, त्याला पलायनाच्या थोडं आधी दुसऱ्या छावणीत हलवलं गेलं. ब्रिकहिलला बंद जागेची भीती वाटायची, म्हणून तो जाणाऱ्यांच्या यादीत नव्हता. कामाला हात लावणारे सहाशेहून अधिक, जाण्यासाठी निवडलेले सुमारे दोनशे, प्रत्यक्ष बाहेर पडलेले ७६. म्हणजे खणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी दुसऱ्याच्या सुटकेसाठी खणलं. ज्याच्या हाती फावडं त्याच्या वाट्याला वाट नाही, तरीही त्याने फावडं खाली ठेवलं नाही. हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो तो यासाठी. आपल्याकडचा आजचा युद्धपट एक नायक, एक झेंडा आणि पडद्यावरून दिलेली ललकारी एवढ्यावर भागवतो. त्या गर्जनेत कोणाला काही शिवावं लागत नाही, खरडावं लागत नाही, मोजावं लागत नाही. 'द ग्रेट एस्केप'मध्ये शौर्य म्हणजे पँटमधून वाळू सांडणं. शेवटी पन्नासांची यादी वाचली जाते तेव्हा हेंडली सरळ विचारतो, एवढी किंमत द्यावी इतकं ते मोलाचं होतं का? वरिष्ठ अधिकाऱ्याकडे ठाम उत्तर नाही. तो म्हणतो, ते पाहणाऱ्याच्या दृष्टीवर आहे. हा प्रश्न विचारण्याची हिंमत किती युद्धपटांत आहे?

आता गळतीकडे येतो. ती भाषेची आहे.

चित्रपटातलं सर्वांत भेदक दृश्य मोटारसायकलच्या आसपास कुठेही नाही. ते एका बसच्या पायरीवर आहे. बार्टलेट आणि मॅकडोनल्ड, दोघेही पळालेले, कागदपत्रं दाखवून बसमध्ये चढताहेत. तपासणी पार पडलेली आहे. गेस्टापोचा माणूस सहज इंग्रजीत म्हणतो, 'गुड लक'. आणि मॅकडोनल्ड वळून इंग्रजीतच आभार मानतो. संपलं. याच मॅकडोनल्डने छावणीतल्या तालमीत एका सहकाऱ्याला नेमक्या याच सापळ्यात पकडून ताकीद दिलेली असते. धडा देणाराच धडा विसरतो. कारण विसरतं ते डोकं नसतं, जीभ असते.

आपल्याला हे दृश्य समजावून सांगायला लागत नाही. अनेक भाषा अस्खलित बोलणारा परका दरबारात येतो, त्याची मातृभाषा कोणती हे कोणालाच ओळखता येत नाही, मग कोणीतरी त्याला रात्री दचकवतो किंवा पायऱ्यांवरून ढकलतो आणि त्याच्या तोंडून आपोआप आपल्या भाषेतली हाक किंवा शिवी निघते: ही गोष्ट आपण बिरबलाच्या नावावर ऐकलेली असते, दक्षिणेत तेनालीरामाच्या नावावर आणि बंगालात गोपाल भाँडच्या नावावर. ठेच लागल्यावर 'आई गं' कोणत्या भाषेत येतं, हिशेब मनात कोणत्या भाषेत होतो, हे या देशात चार भाषांत संसार करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फरक एवढाच, की आपल्या गोष्टीत वेदना किंवा भीती माणसाला उघडं पाडते. इथे त्याला सौजन्य उघडं पाडतं. कोणी शुभेच्छा दिल्या की आभार मानायचे, हे ज्या भाषेत हाडीमाशी मुरलं तीच भाषा त्याच्या जिवावर उठते.

तर हा चित्रपट भाषेचं मोल जाणतो. डॅनी आणि सेजविक रशियन मजुरांच्या घोळक्यात मिसळून सटकू पाहतात, तेव्हा डॅनीला रशियन भाषेतलं एकच वाक्य येत असतं, तेही प्रेमाची कबुली देणारं. सेजविक वैतागून विचारतो, त्याचा इथे काय उपयोग? हा विनोद बहुभाषिक माणसाचा विनोद आहे. रन्वारच्या चित्रपटातही असाच एक क्षण आहे: बोगदा पुरा होतो आणि नेमके तेव्हाच फ्रेंच कैदी दुसरीकडे हलवले जातात, जाता जाता मारेशाल नव्याने येणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याला बोगद्याचं सांगू पाहतो, पण इंग्रजाला फ्रेंच येत नाही. बोगदा तिथेच राहतो. ज्यांना या दोन चित्रपटांत उच्च-नीच लावायची आहे त्यांनी ही दृश्यं शेजारी ठेवून पाहावीत.

आणि म्हणूनच जे झालं ते मला जास्त खुपतं. भाषेचं एवढं भान असलेल्या चित्रपटाने खऱ्या छावणीतल्या भाषा पुसून टाकल्या. ब्रिटिश हवाई दलाच्या गणवेशातले हे कैदी सगळे ब्रिटिश नव्हते. पोलिश होते, चेक, नॉर्वेजियन, डच, फ्रेंच, बेल्जियन, ग्रीक, लिथुआनियनही होते. नाझींनी ज्यांचे देश गिळले होते अशी ही माणसं इंग्रजांच्या विमानांतून लढायला आलेली. पलायनाचा सूत्रधार रॉजर बुशेल दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला; तो ज्याच्या जोडीने निघाला तो बर्नार शेदोएर फ्रेंच. दोघेही झारब्रुकेनला सापडले, दोघेही मारले गेले. बनावट कागदपत्रांचा कारखाना चालवणारा टिम वॉलेन इंग्रज. तो चौघांच्या गटात निघाला आणि त्या गटात एक बेल्जियन आणि एक लिथुआनियन होता.

सर्वांत मोठी गोष्ट पुढेच आहे. जे तिघे खरोखर सुटले ते कोण? पेर बर्गस्लांड आणि येन्स म्युलर हे दोन नॉर्वेजियन, आणि ब्राम व्हान डर स्टोक हा डच. तिघांपैकी एकाचीही मातृभाषा इंग्रजी नव्हती. नॉर्वेजियन मजूर जर्मनीत शेकड्यांनी होते, डचही होते; या तिघांना परका माणूस म्हणून वावरताना फारसं सोंग करावं लागलं नाही. दोघे श्टेटिन बंदरातून जहाजाने स्वीडनला पोचले, तिसरा हॉलंड, बेल्जियम, फ्रान्स करत स्पेनला. पडद्यावर हे तिघे कोण होतात? एक पोलिश डॅनी, एक इंग्रज, एक ऑस्ट्रेलियन. दोन वाटा तशाच, बोटीची आणि स्पेनची. फक्त चालणारे बदलले. तीनपैकी दोन जागा इंग्रजीने घेतल्या.

अमेरिकन बाजारासाठी मॅक्वीन घुसवला, याचा गवगवा सगळे करतात. हे कोणी बोलत नाही. कारण चुका शोधणारेही बहुतेक इंग्रजीतच शोधतात आणि त्यांचं भांडण 'यश अमेरिकनांचं की ब्रिटिशांचं' एवढ्यावर मिटतं. इंग्लंडच्या फुटबॉल सामन्यांना प्रेक्षक एल्मर बर्नस्टाइनची ती धून वाजवतात, जणू तो पराक्रम त्यांच्या घरचाच. बहुभाषिक प्रयत्नांचं फळ एका भाषेच्या नावावर चढवणं, हे अनुवादकाला नवं नाही. भारतातल्या कोणत्याही भाषेतल्या कादंबरीला इंग्रजीतून पाहिल्यावरच ती 'भारतीय' ठरते, हे आपण रोज पाहतो. बोगदा सगळ्यांनी खणायचा आणि दुसऱ्या टोकाला इंग्रजी बाहेर पडायची.

यावर कोणी म्हणेल, गोऱ्यांच्या भांडणात आपला संबंध काय? संबंध आहे. सागानच्या पलायनानंतर सात आठवड्यांच्या आत, ११ मे १९४४ला, फ्रान्समधल्या एपिनाल इथल्या भारतीय युद्धकैद्यांच्या छावणीवर अमेरिकन विमानांचे बॉम्ब पडले. भिंती फुटल्या, माणसं मेली, आणि वाचलेल्यांपैकी शेकडो जण पळाले. फ्रेंच गावकऱ्यांनी त्यांना खाऊ घातलं, लपवलं, वाट दाखवली. सुमारे ५०० भारतीय स्वित्झर्लंडला पोचले. सागानहून सुटले ते तीन. कोल्डिट्झच्या किल्ल्यातला एकमेव भारतीय कैदी, बिहारमधल्या गयेचा डॉक्टर बिरेंद्रनाथ मझुमदार, याला तिथल्या ब्रिटिश सहकाऱ्यांनीच सांगितलं होतं, की तुझ्या कातडीचा रंग तुला लपू देणार नाही. त्याने उपोषण करून भारतीयांच्या छावणीत बदली मिळवली, तिथून पळाला आणि चालत स्वित्झर्लंड गाठलं.

आणि मराठी वाचकाला अधिक जवळचं उदाहरण: फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर. १९७१च्या युद्धात पाकिस्तानच्या हाती सापडलेले परुळकर ऑगस्ट १९७२मध्ये मलविंदरसिंग गरेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह रावळपिंडीच्या तुरुंगाची भिंत फोडून बाहेर पडले. पेशावर, मग लंडीकोतल. अफगाण सरहद्द काही मैलांवर. तिथे त्यांनी लंडीखानाला कसं जायचं असं विचारलं आणि संशय आला. नकाशावर लंडीखाना हे रेल्वे स्टेशन होतं. पण तिथली गाडी १९३२मध्येच बंद झालेली. कोणी ते नाव घेत नव्हतं. त्यांना पंजाबी, हिंदुस्तानी, इंग्रजी सगळं येत होतं. कमी पडला तो एक शब्द, जो नकाशात जिवंत होता आणि लोकांच्या तोंडून गेला होता. मॅकडोनल्डच्या तोडीचा हा प्रसंग आहे, आणि तो खरा आहे.

या प्रसंगावर २०१९ साली चित्रपट निघाला, त्याचं नाव 'द ग्रेट इंडियन एस्केप'. माझा आक्षेप त्या नावाला आहे. आपल्या माणसांनी भिंत फोडली तरी तिला ओळखीसाठी हॉलीवूडचा शिक्का लागतो, हे काही गौरवाचं लक्षण मानता येणार नाही. 'आमचंही तसंच एक आहे' असं म्हणत राहिलो तर आपण त्या मोटारसायकलच्या मागच्या सीटवरच बसणार. एपिनालची गोष्ट, मझुमदारची गोष्ट, परुळकरांची गोष्ट वेगवेगळ्या आहेत. त्यांत वेगळ्या भाषा, वेगळे अपमान, वेगळ्या चुका आहेत. त्या मराठीत, पंजाबीत, गढवालीत, बांगलात लिहिल्या जायला हव्यात, एकमेकींतून अनुवादित व्हायला हव्यात, आणि प्रत्येकीला तिचं स्वतःचं नाव हवं.

'द ग्रेट एस्केप' बंद करा असं मी म्हणत नाही. उलट पाहाच, पण बोगद्यासाठी पाहा. आणि पडद्यावर पन्नासांची यादी वाचली जाते तेव्हा जी नावं तिथे ऐकू येत नाहीत ती स्वतः मोठ्याने उच्चारून पाहा: हाल्दोर एस्पेलिड, अर्नोश्त व्हालेन्टा, येझी मोंदशाइन, सोतिरिस स्कान्झिकास, आंरी पिकार, रोमुआल्दास मार्चिंकुस. जीभ अडखळेल. अडखळू द्या.